वर्तणूक : शांत

मागच्या अंकात एका आयरिश चित्रपटाचा मी जाता जाता उल्लेख केला होता. ‘अन कॅलीन क्यून’, म्हणजे ‘शांत मुलगी’. इंग्रजीत तो ‘द क्वाएट गर्ल’ या नावाने मिळतो. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. १९८१ चा उन्हाळा, आयर्लंडमधलं एक खेडं, नऊ वर्षांची कॉइट. घरात भावंडांची रांग, आई पुन्हा गरोदर, बाप जुगारी. बाळंतपण होईपर्यंत कॉइटला आईच्या नात्यातल्या बहिणीकडे, आयलीनकडे, नेऊन ठेवतात. आयलीन आणि तिचा नवरा शॉन यांचं शेत आहे, गाईंचा गोठा आहे, घरात मूल नाही. उन्हाळा संपतो आणि कॉइटला परत जावं लागतं. दिग्दर्शक कोलम बॅरेड, मूळ कथा क्लेअर कीगन यांची. ज्यांना शेवट आधी कळायला नको असेल त्यांनी शेवटचा प्रश्न तूर्त वाचू नये.

प्रश्न : ताई, तुमच्या सांगण्यावरून आम्ही दोघं रात्री बघायला बसलो. ह्यांना अर्ध्या तासात झोप लागली. मी पूर्ण पाहिला, पण काही घडतंय असं वाटलं नाही. बटाटे सोलतात, विहिरीवरून पाणी आणतात, केस विंचरतात. एवढं नावाजण्यासारखं त्यात काय आहे? (एक वाचक, सांगली)

तुम्ही बटाटे, पाणी आणि केस ही तीनच कामं लिहिलीत, पण तीनही बरोबर लक्षात ठेवलीत. चित्रपट त्या तीन कामांमध्येच आहे.

आधी सुटकेसबद्दल लिहिते. बाप कॉइटला गाडीने आयलीनकडे सोडतो, तिथे बसून जेवतो, दोन गोष्टी बोलतो आणि निघतो. मुलीला जवळ घेणं नाही, ‘येतो गं’ म्हणणं नाही. गाडी दूर गेल्यावर कळतं की पोरीची सुटकेस गाडीतच राहिली. आता अंगावर आहे तेवढ्याच कपड्यांवर तिने उन्हाळा काढायचा. बापाने तिला मारलेलं नाही, शिवी दिलेली नाही. तिचं काही सामान आहे हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही, एवढंच. मारहाण पडद्यावर दाखवायची तर हात उगारलेला दाखवता येतो. पण कुणी लक्षच दिलं नाही हे कसं दाखवणार? न घडलेल्या गोष्टीचं चित्र काढायचं कसं? बॅरेड यांनी ते एका सुटकेसमधून काढलं. मला तर त्या प्रसंगापासून पुढे एकही क्षण रिकामा वाटला नाही.

त्यानंतर आयलीन पोरीला गरम पाण्याने न्हाऊ घालते. नखं, कान, पायाची बोटं, सगळं. कॉइट पाण्यात अशी बसलेली असते की हे आपल्याबाबतीत चाललं आहे यावर तिचा विश्वास बसत नसावा. मग रोज केस विंचरणं, आणि विंचरताना आकडे मोजणं. तुम्हाला तेच तेच वाटलं असेल. पण मुलाला सुरक्षित वाटायला रोज तेच आणि त्याच वेळी होणं फार लागतं. पहिल्या दिवशी कुणीही लाड करतं. आठव्या दिवशीही तोच कंगवा, तेच मोजणं आणि तीच मांडी, हे ज्याला मिळालं तेच मूल सैल होतं. तिच्या खांद्यांकडे बघा. सुरुवातीला ते कानापर्यंत चढलेले असतात.

आणि बिस्किट. शॉन पहिले काही दिवस तिच्याकडे धड बघतही नाही. एकदा गोठ्यात काम करताना ती बरोबर असते, आणि जरा नजर हटते तोवर दिसेनाशी होते. तो सैरावैरा शोधतो आणि सापडल्यावर तिच्यावर ओरडतो. इतका का घाबरला ते पुढे कळतं. त्यानंतर एकदा कॉइट स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली असते. शॉन आत येतो, जाता जाता खिशातून एक बिस्किट काढून टेबलावर ठेवतो आणि थांबतही नाही. ‘चुकलं माझं’ नाही, डोक्यावर हात नाही. ती त्या बिस्किटाकडे बघत राहते. मी आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये हा चित्रपट वीसेक जणांना दाखवला तेव्हा या जागी मागच्या रांगेतले एक शेतकरी काका मोठ्याने ‘हां’ म्हणाले. अख्ख्या तासात त्यांनी काढलेला तेवढाच एक शब्द.

पडद्याचा आकार तुमच्या लक्षात आला का? चित्र आजच्यासारखं आडवं पसरलेलं नाही, जुन्या टीव्हीसारखं जवळजवळ चौकोनी आहे. मोठ्या माणसांचे चेहरे बरेचदा अर्धे कापलेले, हात दिसतात, पाठ दिसते, स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी बोलताना ऐकू येतं. नऊ वर्षांच्या पोरीला मोठ्यांचं जग जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. कॅमेरा केट मॅककुलो यांचा; या कामासाठी त्यांना २०२२ चा युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळाला. कॉइट झालेली कॅथरिन क्लिंच हिचा हा पहिलाच चित्रपट, हे मला तर अजून खरं वाटत नाही.

एक करा. पुन्हा सगळा बघू नका. फक्त पहिली दहा मिनिटं बघा, मग थेट शेवटची दहा. आणि दोन्ही वेळा फक्त तिचे खांदे बघा. ह्यांनाही दहाच मिनिटं जागं ठेवा.

प्रश्न : आयर्लंडमध्ये सगळे इंग्रजी बोलतात. मूळ कथाही इंग्रजीत आहे. मग चित्रपट आयरिशमध्ये करण्याचं कारण काय? पुरस्कारांसाठी का? (एक विद्यार्थी, पुणे)

पुरस्कार मिळाले हे खरं. २०२२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात मुलांसाठीच्या विभागात मोठं बक्षीस मिळालं, आणि २०२३ च्या ऑस्करला आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या नामांकनात पोचलेला हा पहिला आयरिश भाषेतला चित्रपट ठरला. पण पुरस्कारांचा हिशोब करून कुणी या भाषेत चित्रपट काढेल अशी तिची परिस्थिती नाही.

१९३७ च्या घटनेप्रमाणे आयरिश ही त्या देशाची पहिली राजभाषा. शाळेत सगळ्यांना शिकावी लागते. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी ‘आम्हाला आयरिश बोलता येतं’ असं सांगितलं. पण शाळा-कॉलेजाच्या बाहेर रोज बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. पाटीवर, पासपोर्टवर, परीक्षेत असलेली भाषा आणि चुलीपाशी असलेली भाषा यांतलं अंतर या दोन आकड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकातला दुष्काळ, त्यात मेलेली आणि परदेशी गेलेली माणसं, आणि इंग्रजीतून चालणाऱ्या शाळा, या सगळ्यांत ही भाषा आटत गेली. त्या काळात पोरांच्या गळ्यात दोरीने एक काठी बांधायचे. ‘बाता स्कोर’ म्हणत तिला. पोर आयरिश बोललं की काठीवर एक खाच पाडायची, आणि संध्याकाळी खाचा मोजून तेवढी शिक्षा. कितीतरी घरांत आईबापांनीच ती काठी मान्य केली होती. इंग्रजी आलं तरच पोर अमेरिकेला जाऊन जगेल, ही त्यांची समजूत काही अगदी खोटी नव्हती, म्हणून ते वाचताना जास्त तुटतं.

आज आयरिश बोलणारी गावं आहेत ती बहुतेक समुद्रकाठची, आणि आयलीन-शॉनचं घर वॉटरफर्ड परगण्यातल्या अशाच रिन भागातलं दाखवलं आहे. आयलीनचं काम करणाऱ्या कॅरी क्राउली मूळच्या वॉटरफर्डच्याच. आपल्याकडे मालवणीतला संवाद मालवणच्या बाईने म्हणावा, तसं ते आहे. आयरिश भाषेतल्या चित्रपटांना पैसा मिळावा म्हणून तिथे ‘सिने-फोर’ नावाची योजना आहे. तिथलं चित्रपट मंडळ, तेव्हाचं प्रसारण प्राधिकरण आणि टीजी-फोर ही आयरिश वाहिनी यांनी मिळून चालवलेली. हा चित्रपट त्यातून झाला. पुढे आयर्लंड-ब्रिटनमध्ये मिळून दहा लाख युरोंच्या वर धंदा करणारा तो पहिला आयरिश भाषेतला चित्रपट ठरला.

आता तुला मुद्दाम सांगायची गोष्ट. आपण खालची इंग्रजी अक्षरं वाचत बघतो, त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट आपल्या कानातून निसटते. कॉइटचा बाप इंग्रजी बोलतो. घरात आई, मुली आयरिश बोलतात आणि हा एकटा त्यांच्याशी इंग्रजीत. गाडीतल्या प्रवासात बापलेक एकाच गाडीत असूनही दोन वेगळ्या भाषांत गप्प असतात. मूळ इंग्रजी कथेत हे होऊच शकत नव्हतं. मग कॉइट आयलीनच्या दारात उभी राहते, आयलीन खाली वाकून तिच्याशी बोलते, आणि ती भाषा तिच्या आईच्या भाषेसारखी असते पण तिच्यात मायेचा सूर असतो. ही भाषा अशीही बोलता येते हे त्या पोरीला नव्याने कळत असावं. इंग्रजी वाईट आणि आयरिश चांगली असा मात्र त्याचा अर्थ काढू नकोस. कॉइटची आई आयरिशच बोलते, आणि तिच्याकडेही पोरीला द्यायला काही उरलेलं नाही.

तू भाषेचा विद्यार्थी आहेस असं पत्रावरून दिसतं, म्हणून आणखी थोडं. आयरिशमध्ये ‘मी दुःखी आहे’ असं सहसा सरळ म्हणत नाहीत. ‘टॉ ब्रोन उरम’ म्हणतात, म्हणजे ‘माझ्यावर दुःख आहे’. भूक लागली तर ‘माझ्यावर भूक आहे’. दुःख आणि भूक बाहेरून येऊन माणसावर बसतात. इंग्रजीत ‘मी भुकेला आहे’ म्हणावं लागतं. आपण मात्र म्हणतो ‘मला भूक लागली’, ‘मला वाईट वाटलं’. तिथेही भूक लागणारी आणि आपण तिच्या तावडीत सापडलेले. जवळ पुस्तक असणं यासाठीही त्यांच्याकडे इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखं वेगळं क्रियापद नाही. ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ असंच म्हणतात, अगदी आपल्यासारखं. आणि ‘हो’, ‘नाही’ असे सुटे शब्द त्या भाषेत नाहीतच. ‘जेवलीस?’ ‘जेवले.’ ‘येतेस?’ ‘येते.’ असं क्रियापदच परत द्यायचं. आपल्या घरात दिवसभर हेच चालतं. चित्रपट बघताना एकदा खालची अक्षरं झाकून दोन मिनिटं नुसतं ऐक. अर्थ कळणार नाही, पण लय परकी वाटणार नाही.

प्रश्न : बाई, नाव छापू नका. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. दर मे महिन्यात माझ्याकडे राहते. काही मागत नाही. ‘काय खाशील?’ विचारलं की ‘काहीपण’. या वर्षी दोनदा रात्री अंथरूण ओलं झालं. दोन्ही वेळा तिने पहाटे उठून चादर स्वतः धुतली आणि गच्चीत वाळत घातली. मला दुपारी कळलं. बहिणीला फोन केला तर म्हणाली, ‘ताई, ती आहेच शांत. तिचा कुणाला त्रास नसतो.’ चित्रपट बघितल्यापासून मला चैन नाही. मी काय करू? (नाशिक)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहाटे उठून चादर धुणारी पोर माझ्याही डोळ्यांपुढून हलत नाही.

चित्रपटात पहिल्याच रात्री कॉइटचं अंथरूण ओलं होतं. सकाळी ती घाबरून उभी असते. आयलीन गादीला हात लावते आणि गादीलाच दोष देते. या जुन्या गाद्यांना ओल सुटते, मी तरी कशी तुला हिच्यावर झोपवलं, असं काहीतरी. पोरीला कळतं की हिला कळलं आहे. आणि हिने मला वाचवलं, हेही कळतं. मग दोघी मिळून गादी बाहेर काढतात. पुन्हा असं झालं तर तुम्ही काय बोलाल ते शोधत बसू नका, आयलीनचंच वाक्य वापरा. चादर मात्र दोघींनी मिळून धुवा, दिवसाउजेडी.

आता वैद्यकीय बाजू, कारण मायेइतकीच तीही हवी. कुठलंही मूल रात्री अंथरूण मुद्दाम ओलं करत नाही. पुष्कळ मुलांत हे पाच-सहा वर्षांच्या पुढेही राहतं आणि बरेचदा ते घराण्यात असतं. पण मध्ये बरेच महिने कोरडी राहिलेली मुलगी पुन्हा ओलं करू लागली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, क्वचित मधुमेह, अशी शरीरातली कारणं असू शकतात, आणि मनावरचा ताणही. बहिणीला फोनवर ‘तू लक्ष देत नाहीस’ असं म्हणू नका. ‘डॉक्टरांना दाखवूया, मी बरोबर येते’ एवढंच म्हणा. डॉक्टरच्या निमित्ताने दार उघडतं, आरोपाने ते बंद होतं. आणि पोरीच्या बोलण्यातून, अंगावरच्या खुणांवरून, कुणाला घाबरण्यावरून याहून गंभीर काही असल्याची नुसती शंका जरी आली, तरी १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. चोवीस तास, फुकट. फोन मोठ्यांनी केला तरी चालतो.

मी हे एवढ्या आग्रहाने का लिहिते आहे ते सांगते. ३१ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीच पहिली-दुसरीला. एका वर्षी दुसरीत एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर गेले की उन्हाळ्यात परत. तेवढे महिने पोर नातेवाइकांच्या घरी. त्या घरात आधीच सहा मुलं. कुणी तिला मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. ती दाराजवळच्या पट्टीवर शेवटी बसायची. खिचडी वाढली की ताट इतकं स्वच्छ पुसून खायची की घासायची गरज पडू नये. केसांना एक लाल रबर, तो कधी काढलेलाच नव्हता, केस त्यात गुंतून गाठ झालेली. शाळा सुटली की सगळी पोरं उधळायची. ही फळा पुसायला थांबायची. मला ते कौतुकाचं वाटायचं. वर्षाच्या शेवटी प्रगतीपुस्तकात ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. त्यात मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘शांत’.

पुढच्या वर्षी तिसरीच्या बाईंनी एक दिवस कात्री आणि खोबरेल तेल आणलं आणि मधल्या सुट्टीत पायरीवर बसून तो रबर काढला. अर्धा तास लागला. मी शेजारच्या वर्गाच्या दारातून बघत होते. रबर निघाल्यावर पोर रडली नाही, हसली नाही. त्या बाईंच्या मांडीवर डोकं टेकवून तशीच बसून राहिली, घंटा झाली तरी. माझ्या वर्गात वर्षभर ती रोज पाच तास माझ्यापुढे बसत होती, आणि तो रबर मला दिसला नव्हता असंही नाही. दिसला होता. मी हात लावला नव्हता.

म्हणून तुमच्या बहिणीचं ते वाक्य, ‘तिचा कुणाला त्रास नसतो’, मला कानाला लागलं. स्वभावाने शांत मुलं असतात. ती आपल्या नादात असतात, आणि काय आवडतं हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. ‘काहीपण’ म्हणणारं मूल वेगळं. मागून मिळत नाही, आणि मागितल्याचा राग येतो, हे ज्याला कळून चुकलं आहे ते ‘काहीपण’ म्हणतं. भाचीला प्रश्न विचारणं थोडं कमी करा. ‘काय खाशील?’ ऐवजी दोन गोष्टी पुढे ठेवा आणि ती कुठे बघते ते बघा. रोज एकच काम दोघींचं म्हणून ठरवा, शेंगा सोलणं, कुंड्यांना पाणी, काहीही. काम चालू असताना मुलं बोलतात, कारण तेव्हा कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नसतं. नाही बोलली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंगा सोला.

मे महिना संपला तरी फोन चालू ठेवा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. आणि बहिणीलाही कधीतरी विचारा, तू कशी आहेस. कॉइटच्या आईला अख्ख्या चित्रपटात कुणीही ते विचारत नाही.

प्रश्न : आधी पुस्तक वाचावं की चित्रपट बघावा? (कोल्हापूर)

आधी चित्रपट. क्लेअर कीगन यांची ‘फॉस्टर’ ही कथा २०१० मध्ये पुस्तकरूपात आली. एका दुपारी वाचून होते. तिच्यात मुलगी स्वतः गोष्ट सांगते आणि तिला नावही नाही, म्हणजे तिच्या मनातलं सगळं आपल्याला कळतं. आधी वाचलं तर पडद्यावरच्या तिच्या गप्प बसण्यात तुम्ही पुस्तकातली वाक्यं भरत बसाल. ती जागा पहिल्यांदा तरी मोकळी राहू द्या.

प्रश्न : शेवटी ती ‘डॅडी’ दोनदा म्हणते. कोणाला? आणि एवढा जीव आहे तर शॉन-आयलीन तिला ठेवून का घेत नाहीत? आमच्या घरात यावरून भांडण झालं. (ठाणे)

दुसरं आधी. कॉइट अनाथ नाही. आईचं पत्र येतं, बाळ झालं, शाळा सुरू होणार, पाठवून द्या. १९८१ मध्ये आयर्लंडमध्ये मुलांच्या संरक्षणाचा कायदा होता तो ब्रिटिश अमदानीतला, १९०८ चा. त्याच्या जागी नवा कायदा व्हायला १९९१ उजाडलं. पण कायदा राहू द्या. ‘तुमची मुलगी आम्हाला द्या’ हे कोणत्या तोंडाने म्हणणार? शॉन-आयलीनचा मुलगा कुत्र्याच्या मागे जाऊन शेणकाल्याच्या खड्ड्यात बुडून गेलेला आहे. कॉइटची खोली त्याची, भिंतीवरच्या कागदावरच्या आगगाड्या त्याच्या, पहिले काही दिवस अंगात घातलेले कपडे त्याचे. हे तिला त्यांच्याकडून कळत नाही. शेजारची एक बाई रस्त्यात सांगून टाकते, आधी स्वतःचे खोचक प्रश्न विचारून झाल्यावर. या घरात गुपितं नाहीत असं आयलीनने पहिल्या दिवशी म्हटलेलं असतं, आणि अख्खं घर एका गुपितावर उभं असतं. मूल गमावलेली माणसं दुसऱ्याचं मूल मागायला कुणापेक्षाही जास्त कचरतात, असं मी माझ्या ओळखीच्या दोन घरांत पाहिलं आहे.

आता ‘डॅडी’. शॉन-आयलीन कॉइटला तिच्या घरी सोडून निघाले आहेत, त्यांची गाडी फाटकापाशी थांबलेली आहे. उन्हाळाभर शॉन घड्याळ लावून तिला पत्रपेटीपर्यंत पळायला लावत होता. ते सगळं पळणं तिच्या पायांत येतं आणि ती धावत जाऊन त्याला मिठी मारते. त्याच्या खांद्यावरून तिला बाप येताना दिसतो. ती म्हणते, ‘डॅडी’. हे सावध करणं आहे, बाप येतोय. मग ती डोळे मिटून, शॉनच्या खांद्यात तोंड खुपसून, पुन्हा तोच शब्द अगदी हळू म्हणते. माझ्या मते दुसरा शब्द शॉनचा. तुमच्या घरात कुणी ‘दोन्ही बापाला’ म्हणालं असेल तर ते ऐकूनही मी माझं मत सोडणार नाही, कारण दुसऱ्या वेळी ती बघतच नाही कुणाकडे.

यासाठी एक जुनी गोष्ट माहीत असावी. प्राचीन आयर्लंडमध्ये आपलं मूल काही वर्षांसाठी दुसऱ्या घरी वाढायला देण्याची मोठी रीत होती. त्याचे नियम त्यांच्या जुन्या कायद्यांत लिहिलेले आहेत. आणि जुन्या आयरिश भाषेत वाढवणाऱ्या बापाला ‘आते’ आणि वाढवणाऱ्या आईला ‘मुमे’ म्हणत. भाषेचे अभ्यासक सांगतात की हे मुळात बाबा-आईसाठीचे लाडाचे बोबडे शब्द होते. जन्म देणाऱ्यांना भारदस्त शब्द राहिले आणि बोबडे शब्द वाढवणाऱ्यांकडे गेले. कॉइटला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. तिच्या तोंडून तो शब्द जायचा तिकडे जातो.

या सगळ्यात आयलीन गाडीतच बसलेली असते. तिच्यापर्यंत कुणी धावत येत नाही. मी तिसऱ्यांदा बघितला तेव्हा शेवटचं एक मिनिट मी फक्त तिच्या रडण्याचा आवाज ऐकला.